पुंगळ्यांची अंघोळ

प्रविण मोकलांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती, तरी त्या आठवड्यात अख्ख्या रोह्यात त्यांच्या गोळीबाराची चर्चा होती. बंदूक पोलीस ठाण्यात, दारू दुकानदाराकडे आणि मोकल स्वतः बनियनवर घरात, अशी परिस्थिती असताना गोळीबार होतो कसा, हे समजून घ्यायचं तर रानडुकरांपासून सुरुवात करावी लागेल.

मोकलांची जवळच्या निडी गावाला थोडी शेती होती. भात निघालं की त्याच ओलीवर कडवा वाल पेरायचा. एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये जनरल शिफ्ट करणाऱ्या माणसाला शेतीतलं जेवढं कळतं तेवढंच मोकलांना कळत होतं. वाल हिरवा असतो आणि शेंगा भरल्या की पोपटी लावायची असते, इथे त्यांचं शेतीज्ञान संपायचं. पण पोपटी हा त्यांचा प्रांत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मडकं उपडं घालून भोवती जाळ. आणि हे सगळं दुसरे लोक करत असताना मोकल शेजारी खुर्ची टाकून सूचना करत बसायचे. यंदाची आमंत्रणं त्यांनी शेंगा धरायच्या आधीच देऊन टाकली होती.

ती आमंत्रणं रानडुकरांपर्यंतही पोचली असावीत. कारण ती सगळ्यांच्या आधी सहकुटुंब आली आणि बांधालगतचा सगळा वाल नांगरल्यासारखा करून गेली.

"एक बार काढा हवेत," निडीतल्या लोकांनी सल्ला दिला. "आवाज ऐकला का म्हैनाभर फिरकायची नाय ती."

बंदूक होती. वडिलांची बारा बोअरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, आणि तो परवाना आता रीतसर मोकलांच्या नावावर झाला होता. पण निवडणुका लागल्या होत्या आणि आचारसंहितेत परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. मोकलांसारखा माणूस बंदूक घेऊन मतदारांना धमकावेल अशी भीती सरकारला वाटावी, याचा त्यांना मनातून थोडा अभिमानच वाटला होता. निकाल लागले की बंदूक परत मिळणार होती. तोवर काडतुसांची सोय करून ठेवावी म्हणून त्यांनी अलिबागच्या दुकानदाराला फोन लावला.

"तुमच्या वडलांकडं काडतुसांच्या पितळी पुंगळ्या असायच्या," दुकानदार म्हणाला. "त्या हायत का अजून? पुन्हा भरून देतो. मजकडं त्याचं लायसन हाय. फक्त साफ करून आणा. आतून-बाहेरून. काळं पितळ मी हातात धरत नाय."

"साफ तुम्हीच केल्या तर काय घ्याल?"

दुकानदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून मोकलांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तोच आकडा ऐकू आल्यावर ते म्हणाले, "घरीच करतो. पितळच तर आहे."

मराठी माणसाचं 'घरीच करतो' हे वाक्य म्हणजे विनाशाचा नारळ. पण ते अडवायला मोकलांच्या पत्नी मनस्वीवहिनी घरात नव्हत्या. त्यांचं माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, घरचा गणपतीचा कारखाना. माघी गणपतीच्या मूर्ती रंगवायच्या राहिल्या होत्या आणि डोळ्यांची आखणी करायला बहिणीसारखा हात नाही म्हणून भाऊ जितेशने त्यांना बोलावून नेलं होतं. जाताना त्यांनी दोन सूचना केल्या होत्या. दूध उतू घालवू नका आणि नवीन मशीनला हात लावू नका. मशीन म्हणजे पुढून काचेचं दार असलेलं कपडे धुवायचं यंत्र. दिवाळीत आलेलं. त्याच्यावर अजून क्रोशाचं आच्छादन होतं.

वडिलांच्या पत्र्याच्या डब्यातून निघालेल्या पुंगळ्या मोकलांनी वर्तमानपत्रावर ओतल्या. काही काळ्या, काही हिरव्या, आणि एकीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. देवघरातली समई मनस्वी चिंचेने घासते हे त्यांना आठवलं. बरणीतली वर्षाची चिंच त्यांनी पातेल्यात भिजवली, पुंगळ्या आत सोडल्या आणि लवकर व्हावं म्हणून सगळ्याला एक उकळी आणली. मग कंपनीतून फोन आला. स्टोअरमधला एक बॉल बेअरिंग रेकॉर्डला होता पण रॅकवर नव्हता, आणि अशा प्रसंगी माणसाला घरच्या पातेल्याचं भान राहत नाही.

परत येऊन बघतात तर पुंगळ्यांचा काळेपणा गेला होता आणि त्या गुलाबी झाल्या होत्या. अगदी लाजलेल्या नवरीसारख्या. बारा बोअरच्या काडतुसाला न शोभणारा रंग!

त्या उन्हात ठेवायला ते गच्चीवर गेले, तर तिथे खालच्या मजल्यावरच्या कृष्णाबाई पापड राखत बसल्या होत्या. कृष्णाबाईंना कोणी काही विचारावं लागत नसे.

"अरे बाला, ह्या काय लग्नातल्या वाट्या?"

"पुंगळ्या आहेत. पितळी."

"मग चिंचेत का घातल्यास? चिंच समईला. ही शिकारीची वस्तू, हिला राख. चुलीची राख नि नारळाचा काथ्या. माझ्या सासऱ्यांचा तांब्या असा चमकायचा का त्यात बघून ते दाढी करायचे."

आता गॅसच्या घरात राख कुठून आणायची? कृष्णाबाईंनीच बाजारातली भट्टीची बेकरी सुचवली. बेकरीवाल्याने पिशवीभर राख आनंदाने दिली. त्याला ती कुठे टाकायची हाच प्रश्न होता. तो प्रश्न मोकलांनी स्कूटरवरून येताना भर बाजारपेठेत सोडवला, कारण पिशवी खालून फाटली. घरी पोचले तेव्हा पिशवीत मूठभर राख होती आणि बाकीची मोकलांवर. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी वाट देत हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मूठभर राखेने त्यांनी संध्याकाळभर पुंगळ्या घासल्या. गुलाबी रंग गेला. त्याऐवजी बाहेरून ओरखडे आले, आत जशीच्या तशी काजळी राहिली आणि मोकलांची बोटं दुखून आली. दुकानदाराचा आकडा आता त्यांना तेवढा मोठा वाटेना. पण माघार घ्यायची म्हणजे कृष्णाबाईंना उत्तर द्यावं लागणार होतं.

याच नाजूक वेळी समोरच्या फ्लॅटमधला नासिर चहाला आला. नासिरने उमेदीची वर्षं कुवेतमध्ये काढली होती. आता रोह्यात त्याचा टेम्पो होता, पण सल्ले अजून कुवेतचेच असत.

"प्रविणभाई, हाताने घासतात का कधी? आमच्या शेखच्या शिकारखान्यात मशीन होतं. एक ड्रम गोल फिरायचा. त्यात पुंगळ्या आणि अक्रोडाची टरफलं. तासाभरात सोनं! कसम से, मी डोळ्यांनी बघितलंय."

"अक्रोड कुठून आणू?"

"अक्रोड शेखला. आपल्याला भाताचं तूस. राइस मिलवाला फुकट देईल."

"आणि ड्रम?"

नासिरने फक्त बशीतली खारी उचलली आणि क्रोशाच्या आच्छादनाकडे बघितलं. पुढे या प्रकरणात आपला काही हात नव्हता असं तो शपथेवर सांगत असे, आणि ते खरंही होतं. हात नव्हता. नुसती नजर होती.

मोकलांनी काळजी घेतली नाही असं कोणी म्हणू नये. पुंगळ्या आणि तूस त्यांनी उशीच्या अभ्र्यात भरले, अभ्र्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि पाण्याचा नळ बंद करून मशीन सुरू केलं. दोघे काचेसमोर स्टूल टाकून बसले. अभ्रा संथपणे वर जायचा आणि धप्पकन खाली यायचा.

"बघ, हे सायन्स आहे," नासिर म्हणाला.

मग मशीनने आपल्या मर्जीने वेग पकडला. सुतळी सुटली.

तो आवाज शब्दांत सांगता येणार नाही, पण कृष्णाबाईंनी तो सांगितला आणि पोलिसांनी लिहून घेतला : 'कड् कड् कड् कड् थाड्.' दुर्दैव असं, की नेमकी त्याच वेळी खाली एका उमेदवाराची प्रचाराची रिक्षा उभी होती. वरून कडकडाट सुरू होताच कर्ण्यातलं गाणं बंद पडलं. उमेदवार रिक्षातून उतरले आणि समोरच्या पिठाच्या गिरणीत शिरले ते पांढरे होऊनच बाहेर आले. कार्यकर्ते चारी दिशांना पांगले आणि पांगता पांगता प्रत्येकाने एकेक फोन केला. 'उमेदवारावर गोळीबार' ही बातमी बाजारपेठेतून नदीपलीकडच्या अष्टमी गावापर्यंत पोचली तेव्हा मोकल मशीनचं दार उघडायचा प्रयत्न करत होते. ते उघडत नव्हतं. आत पुंगळ्यांचा थयथयाट चालला होता आणि मागच्या नळीतून तूस भसाभसा बाहेर पडून घराचं खळं झालं होतं.

दार वाजलं. बाहेर नाथा हवालदार, मागे दोन शिपाई आणि त्यांच्या मागे अख्खी सोसायटी.

"गोळीबार कोणी केला?"

"गोळीबार नाही हो. मशीन लावलंय."

नाथा हवालदारांनी काचेला नाक लावून आत पाहिलं. "आत काय हाय?"

"पुंगळ्या."

"कसल्या?"

"काडतुसाच्या."

मागची सोसायटी दोन पायऱ्या खाली उतरली.

"नि हे भुईवर?"

"तूस."

"काडतुसाच्या पुंगळ्या तुसात घालून मशीनमधी कशाला टाकल्यात?"

मोकलांनी बरीच उत्तरं मनात चाचपली. शेवटी जे तोंडातून निघालं ते असं : "अंघोळीला."

पुढच्या प्रश्नोत्तरांत मोकलांची जी अवस्था झाली ती कंपनीच्या ऑडिटमध्येही कधी झाली नव्हती. परवाना कुठे आहे? ठाण्यात, बंदुकीबरोबर जमा. जमा केल्याची पावती? शर्टाच्या खिशात. शर्ट? मागच्याच आठवड्यात याच मशीनमध्ये धुतला गेला. तेवढ्यात मशीनने एक लांब उसासा टाकला आणि ते आपोआप बंद पडलं. कायमचं. दार मात्र उघडलं. नाथा हवालदारांनी तुसात हात घालून एक पुंगळी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

पुंगळी सोन्यासारखी झळकत होती. आतून-बाहेरून.

"बोललो नव्हतो?" मागून नासिर म्हणाला, आणि त्याबद्दल त्यालाही ठाण्यात यावं लागलं.

ठाण्यात बंदूक होती, परवानाही होता, पण दोन्ही कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि साहेब पेणला बंदोबस्तावर. परवाना बघितल्याशिवाय सोडता येत नाही आणि साहेबांशिवाय परवाना बघता येत नाही. ठाण्याची एकुलती गाडीही बंदोबस्तावर. शेवटी असं ठरलं की नासिरच्या टेम्पोतून नाथा हवालदारांनी दोघांना पेणला घेऊन जावं. म्हणजे संशयितांनीच पोलिसाला न्यायचं. नासिर गाडी चालवत होता, खिडकीशी हवालदार, आणि मधे गिअरचा दांडा गुडघ्यांत सांभाळत, मांडीवर पुंगळ्यांची पिशवी घेऊन प्रविण मोकल. नागोठण्यापर्यंत त्यांनी मान खाली घालून ठेवली. नागोठण्याच्या पुढे त्यांना वाटलं, आता पेणात आपल्याला ओळखतंय कोण? म्हणून त्यांनी मान वर केली.

पेणच्या बाजारात टेम्पो गर्दीत थांबला आणि समोरून रंगाचे डबे घेतलेली मनस्वी आली. बरोबर जितेश.

तिने टेम्पो ओळखला, मग नासिरला, मग खाकी गणवेश, आणि मग मधला चेहरा.

"अहो! तुम्ही? पोलिसांबरोबर?"

"काय नाय गो," मोकल म्हणाले. घाबरले की त्यांची भाषा थेट निडीला पोचायची. "जरा पुंगळ्यांचं काम होतं."

मनस्वीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या केसांत अडकलेलं तूस पाहिलं. तिने बंदुकीचं विचारलं नाही, अटकेचं विचारलं नाही.

"मशीन लावलंत?"

नाथा हवालदारांना बायकोचा अनुभव असावा, कारण त्यांनी खिडकीची काच हळूच वर घेतली.

साहेब मात्र भले निघाले. मोकलांची सगळी हकिगत ऐकताना त्यांना दोनदा तोंडावर रुमाल धरावा लागला. मग त्यांनी पिशवीतली एक पुंगळी काढली, उन्हात फिरवली आणि म्हणाले, "पण साफ काय झक्कास केल्यात हो!"

पूर्ण दिवसात कोणी चांगला शब्द बोललं नव्हतं. मोकलांना भरून आलं. त्यांनी साहेबांना तुसाचं प्रमाण सांगायला सुरुवात केली. नाथा हवालदारांनी किल्ली घेतली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

त्यांची सुटका झाली, मनस्वी मात्र आखणी अर्धवट टाकून त्याच टेम्पोने रोह्याला आली. परतीच्या वाटेवर ती केबिनमध्ये हवालदारांशेजारी बसली आणि मोकल मागे हौद्यात. मेकॅनिकने मशीन उघडलं तेव्हा त्यातून दोन टोपल्या तूस, सुतळी आणि पोचा पडलेला ड्रम निघाला. "मशीन गेलं, मॅडम. हा ड्रम भंगारात जाईल," तो म्हणाला. मनस्वी मोकलांशी बोलेना. जे काय सांगायचं ते ती कृष्णाबाईंना सांगे आणि कृष्णाबाई ते जिन्यातून ओरडून मोकलांपर्यंत पोचवत, स्वतःची भर घालून.

मोकलांना एकच आशा होती. पुंगळ्या तर सोन्यासारख्या झाल्या होत्या! त्या रेशमी कापडात गुंडाळून ते अलिबागला गेले. दुकानदाराने एकेक पुंगळी भिंगाखाली धरली. चेहऱ्यावर कौतुक उमटत गेलं.

"इतक्या साफ पुंगळ्या मी आजवर बघितल्या नायत."

मोकल खुर्चीत ताठ झाले.

"म्हणून तर तडा दिसतोय. हा बघा. नि हिला पण. नि हिला पण. सगळ्यांची तोंडं फाटल्यात, मोकलसाहेब. जुनं पितळ ना. भरायला गेलो तर बंदुकीसकट तुम्ही जाल. काळ्या होत्या तेव्हा कळलं नसतं. बरं झालं घासल्यात."

त्या 'बरं झालं'चं काय करायचं ते मोकलांना कळेना. ते घरी आले आणि पुंगळ्या गॅलरीत काढून ठेवलेल्या मशीनच्या ड्रममध्ये ओतून, त्यावर पत्र्याचं झाकण घट्ट बसवून गप्प बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी बातम्यासुद्धा लावल्या नाहीत. ते बघून मनस्वीला राहवेना.

"अहो, जेवा आता," ती म्हणाली. पेणनंतरचं तिचं हे पहिलं थेट वाक्य. "नि उद्या रविवार हाय. हे ड्रमाचं धूड निडीला टाकून येऊ. कोंबड्यांना खुराडं तरी होईल. उरलेला वाल पण बघू."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना नासिरचा टेम्पो निडीच्या शेताच्या वरच्या अंगाला थांबला. खाली वाल पसरला होता. कडेचा उखडलेला, मधला अजून हिरवागार, शेंगांनी लगडलेला. आणि त्या हिरवळीत काहीतरी हलत होतं.

"आली!" मोकल कुजबुजले. एक मोठं डुक्कर, मागे पिल्लावळ. भर उजेडात, शेत स्वतःच्या मालकीचं असल्यासारखी जेवत होती.

"हळूच बोला," मनस्वी म्हणाली. "आधी हे उतरवून घ्या."

मोकलांनी ड्रम एका बाजूने धरला, नासिरने दुसऱ्या. नासिर म्हणाला, "सोडू का?" मोकलांना ऐकू आलं, "सोडू आता." दोघांनी एकदमच सोडला.

ड्रम आडवा पडला, क्षणभर विचार केल्यासारखा डुलला आणि उतारावरून निघाला. आत पितळी पुंगळ्या. पहिल्या बांधावरून त्याने उडी घेतली तेव्हा सगळी निडी घराबाहेर आली. कड् कड् कड् कड् थाड्! दुसऱ्या बांधावर तर तो हवेतच गरगरला. मोठ्या डुकराने मान वर केली. उन्हात लखलखणारं, गर्जणारं, गोल काहीतरी आपल्यावर चालून येतंय हे बघून त्याने जी धूम ठोकली, ती वाल सोडून, ओढा ओलांडून, थेट डोंगराकडे. पिल्लं मागे. त्यांच्या मागे ड्रम. आणि ड्रमामागे, का ते कोणालाच कळलं नाही, दोन्ही हात वर करून ओरडत प्रविण मोकल. शेवटच्या बांधाला अडखळून ते चष्म्यासकट वालात तोंडघशी पडले. ड्रम ओढ्याच्या काठाला जाऊन थांबला.

मोकलांनी डोकं वर काढलं. वर बांधावर मनस्वी पोट धरून बसली होती. ती रडतेय की काय म्हणून ते धावत गेले, तर तिला हसण्याने श्वास घेता येत नव्हता. नासिर टेम्पोच्या चाकाला टेकून डोळे पुसत होता. मग मोकलही हसायला लागले. चष्म्याची एक काच कुठेतरी वालात राहिली होती, पण ती त्यांना फार वेळाने आठवली.

डुकरं परत आली नाहीत. निडीकरांनी ड्रम दोन खुंटांवर आडवा टांगला, त्याला दोरी बांधली, आणि जाता-येता जो तो एक हिसका द्यायचा. पुढच्या रविवारी मोकलांनी सगळ्यांना पोपटीला बोलावलं. नासिर आणि त्याची बायको अजीजा आली. जितेश हमरापूरहून आला. कृष्णाबाई पापड घेऊन आल्या आणि मडकं कसं लावायचं यावरून मोकलांशी भांडल्या. निकाल लागून गेले होते, म्हणून नाथा हवालदारही साध्या शर्टात आले. मडकं फोडलं तेव्हा भांबुर्डीच्या वासाने सगळ्यांची बोलणी बंद झाली.

हवालदारांनी गरम शेंग फुंकून फुंकून सोलली, दाणे तोंडात टाकले आणि उतरत्या उन्हात चमकणाऱ्या ड्रमाकडे बराच वेळ पाहिलं. मग दोरीला एक हिसका देऊन बघितला. ओढ्यापलीकडची पाखरंसुद्धा उडाली.

"मोकल," ते कान चोळत म्हणाले, "बारा बोअरपेक्षा आवाज मोठा हाय याचा. लायसन काढलंय का?"

मोकल खुर्चीत सावरून बसले आणि सविस्तर उत्तराच्या तयारीने त्यांनी घसा खाकरला. पण त्यांच्या आधी मनस्वीच बोलली.

"अजिबात काढायचं नाय! पुढच्या निवडणुकीला तुम्ही हा पण जमा करून घ्याल."